बारा जागा आणि भांडायला अख्खा देश: कॉलेज फुटबॉल प्लेऑफबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत कोलंबसला एमएस करायला आलो आणि इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचा होऊन बसलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर "तू काय, तुझ्या टीमचीच बाजू घेणार" असं कुणी म्हणायला नको. सीझनमध्ये दर शनिवारी आमच्याकडे सहा-सात जण मॅच बघायला जमतात, एक टॅलाहासीत, म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्या गावात, पीएचडी केलेला, एक डॅलसहून बदली होऊन आलेली, एक जोडपं पक्कं इंडियानावालं, आणि नोव्हेंबर उजाडला की तेच प्रश्न, तीच भांडणं, फक्त टीमांची नावं वेगळी. प्लेऑफ म्हणजे सीझन संपल्यावर देशाचा चॅम्पियन ठरवणारी नॉकआउट स्पर्धा, आणि तिच्यात कुठल्या टीम खेळणार ते एक कमिटी ठरवते, भांडण त्यावरूनच. नव्या माणसाला दर वेळी पहिल्यापासून सांगून घसा बसतो म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय, जानेवारी २०२६ च्या फायनलपर्यंतचं सगळं धरून.

हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो का?

नाही. हेल्मेट, लंबगोल बॉल, टचडाऊनचे सहा पॉइंट्स, तो. कॉलेजची पोरं खेळतात पण "कॉलेजची टीम" म्हणून आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते विसरा, मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणूस बसतं. पुढे जाऊ.

एवढी भांडणं कशाला? आयपीएलसारखं पॉइंट्स टेबल लावून मोकळे का होत नाहीत?

कारण सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. वरच्या पातळीवर २०२५ ला १३६ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला रेग्युलर सीझनच्या मॅच फक्त १२, त्यातल्या आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. कॉन्फरन्स म्हणजे गट समजा, पण गट तरी किती अगडबंब, बिग टेनमध्ये नावाला टेन आणि टीम १८, एसईसीत १६. म्हणजे एकाच गटातल्या दोन टीमसुद्धा अख्खा सीझन एकमेकींचं तोंड न बघता जाऊ शकतात, मग एका गटातली ११-१ (अकरा जिंकलेली, एक हरलेली) आणि दुसऱ्या गटातली १०-२ यात भारी कोण हे कुठल्या टेबलावरून काढणार? एकीने कुणाला हरवलंय आणि दुसरीने कुणाला, त्यांनी परत कुणाला हरवलंय, असं करत करत माणूस गोल फिरून जागेवर येतो.

२०१९ चा वर्ल्ड कप आठवा. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११-११ पॉइंट्स, पाकिस्तानने लीगमध्ये न्यूझीलंडला हरवलेलं, तरी सेमीला गेलं न्यूझीलंड, नेट रन रेटवर. पाकिस्तानवाले चिडले, आपल्याकडच्याही काही लोकांना हळहळ वाटली, पण "कुणी ठरवलं हे" असं विचारायची सोयच नव्हती कारण नियम स्पर्धेच्या आधी छापलेला होता. इथे नेट रन रेट नाही. इथे खोलीत बसलेली माणसं आहेत.

ही कमिटी म्हणजे नक्की कोण?

१३ जण. काही कॉलेजांचे चालू ॲथलेटिक डायरेक्टर, काही माजी कोच, माजी खेळाडू वगैरे. टेक्ससमध्ये डॅलस एअरपोर्टजवळ ग्रेपवाइन नावाचं गाव आहे, तिथल्या एका मोठ्या हॉटेलात जमतात, नोव्हेंबरपासून दर मंगळवारी रात्री २५ टीमांचं रँकिंग टीव्हीवर येतं आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास शेवटचं. आपल्या कॉलेजची चर्चा निघाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं असा नियम आहे. मग चेअरमन टीव्हीवर येऊन दोन-चार वाक्यांत कारणं सांगतो आणि तिथून पुढे देशभर लोकांचं जेवण खराब होतं.

पुण्यात कॉलेजला असताना ज्यांनी पुरुषोत्तम करंडक बघितलाय त्यांना हे पटकन कळेल. भरत नाट्यमध्ये "अरे आव्वाज कुणाचा"ने छप्पर उडायची वेळ येते, सगळ्यांना आपलीच एकांकिका भारी वाटत असते, आणि शेवटी निकाल परीक्षकांच्या हातात. २०२२ ला परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झालेला. पण तिथे निदान सगळे एकाच स्टेजवर, ठरलेल्या वेळात, त्याच परीक्षकांसमोर करतात. इथे एकाची एकांकिका गावच्या जत्रेत झाली, दुसऱ्याची मुंबईत, आणि परीक्षकांनी अर्ध्या रेकॉर्डिंगवर बघितल्या अशातला प्रकार आहे.

फ्लोरिडा स्टेटचं नाव काढलं की तुमचा तो मित्र गप्प का होतो?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं नीट कळायचं असेल तर २०२३ समजून घ्यायलाच लागेल.

तेव्हा प्लेऑफला चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेट एकही मॅच हरलेली नाही. १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सगळा खेळ चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस एका किरकोळ टीमविरुद्धच्या मॅचमध्ये पाय मोडून बसला. तरी त्यांनी पुढची मॅच जिंकली, आणि मग आपल्या एसीसी कॉन्फरन्सच्या फायनलला तर तिसऱ्या नंबरचा पोरगा क्वार्टरबॅक म्हणून उतरवून लुईव्हिलला १६-६ हरवलं, बघायला अत्यंत रटाळ मॅच, पण डिफेन्स असला की समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही. १३-०. कॉन्फरन्स चॅम्पियन. त्याच दिवशी अलाबामाने एक नंबरच्या जॉर्जियाला २७-२४ हरवलं, आणि इथे गोची झाली. कारण अलाबामाला आत घ्यायचं तर टेक्ससलाही घ्यावं लागणार, सप्टेंबरमध्ये टेक्ससने अलाबामाला त्यांच्याच घरी ३४-२४ हाणलेलं. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित, ते आत. राहिल्या दोन जागा.

रविवार, ३ डिसेंबर. आमच्याकडे पोहे होते. टॅलाहासीवाला खुशीत, म्हणत होता की चारवर टाकतील, मिशिगनशी पडेल, पडू दे. स्क्रीनवर तीन नंबरला टेक्सस आलं तेव्हाच त्याचा चेहरा बदलला आणि चारवर अलाबामाचा लोगो आला तेव्हा त्याच्या हातात लिंबाची फोड होती, ती त्याने पिळलीच नाही, तशीच प्लेटमध्ये ठेवली, उठला आणि किचनमध्ये जाऊन भांडी घासायला लागला. आमची सगळ्यांची. त्यातली दोन तर वापरलेलीही नव्हती.

मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीची अपराजित चॅम्पियन टीम प्लेऑफच्या बाहेर राहायची ही पहिलीच वेळ. कमिटीचं म्हणणं, ट्रॅव्हिसशिवाय ही टीम तीच टीम नाही. आणि हे नियमाबाहेरचं नव्हतं बरं का, महत्त्वाचे खेळाडू नसतील तर ते बघता येईल असं त्यांच्या निकषांत लिहिलेलं आहेच. ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिलं की माझा पाय सीझनमध्ये आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे लोकांना कळलं असतं की ही टीम फक्त क्वार्टरबॅकवर चालत नाही. तेवीस वर्षांच्या पोराला स्वतःचा पाय लवकर मोडायला हवा होता असं वाटावं, यापेक्षा त्या सिस्टिमबद्दल मी वेगळं काय सांगू. पुढे फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी काढली, गव्हर्नरनी कोर्टकचेरीसाठी बजेटमध्ये १० लाख डॉलर्स सुचवले, त्यातून कुणाला जागा मिळणार नव्हतीच.

पण नंतर जॉर्जियाने त्यांना ६३-३ धुतलं ना? म्हणजे कमिटी बरोबरच होती.

हे मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतंच. ती मॅच म्हणजे ऑरेंज बोल, सीझननंतरची, प्लेऑफबाहेरची मॅच, आणि तिला फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू नव्हते, कुणी ट्रान्सफर, कुणी एनएफएलची (प्रोफेशनल लीगची) तयारी, कुणी जखमी, कारण खेळायला काही उरलंच नव्हतं. लग्न मोडल्यावर नवरदेव वरातीत नाचला नाही म्हणून त्याला नाचता येत नाही असं म्हणायचं का? आणि मुळात नंतरच्या निकालावरून आधीचा निर्णय बरोबर की चूक हे ठरवणं मला पटत नाही, हे पुढे मायामीच्या वेळी परत येईल तेव्हा लक्षात ठेवा.

"बेस्ट" आणि "डिझर्व्हिंग" हे शब्द सारखे ऐकू येतात, फरक काय?

आज मॅच लावली तर कोण जिंकेल, ते बेस्ट. वर्षभरात कुणी कमावलंय, ते डिझर्व्हिंग. फ्लोरिडा स्टेटला बेस्टच्या पट्टीने मोजलं. आता खाली वाचा आणि प्रत्येक वेळी कुठली पट्टी लावली ते बघत चला, माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

२०२४ पासून १२ टीम केल्या की. मग मिटलं असेल?

हं.

पाच सगळ्यात वरच्या रँकच्या कॉन्फरन्स चॅम्पियनना थेट जागा, बाकी सात रँकिंगने. शिवाय पहिल्या वर्षी वरचे चार चॅम्पियन थेट क्वार्टरफायनलला, म्हणजे बाय. त्यामुळे रँकिंगमध्ये नवव्या असलेल्या बॉइसी स्टेटला तिसरं सीड आणि बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथं, आणि त्यांच्या वर रँक असलेल्यांना पहिल्या राउंडपासून खेळा. गंमत म्हणजे बाय मिळालेल्या चारही टीम पहिल्याच मॅचला घरी गेल्या. त्यात ओरेगॉनला आम्ही रोझ बोलमध्ये एका टप्प्यावर ३४-० मागे टाकलं होतं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २०२५ ला तो नियम काढला, आता रँक तेच सीड.

आणि बारा म्हणजे बारावा नंबरपर्यंत आत असं नाही हेही लोकांना माहीत नसतं. २०२४ ला सोळाव्या नंबरची क्लेमसन एसीसी जिंकून आत आली, शेवटच्या सेकंदाला ५६ यार्डांवरून फील्ड गोल (किकचे तीन पॉइंट्स) मारून, आणि अकराव्या नंबरची अलाबामा बाहेर. अलाबामावाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, पण ते व्हँडरबिल्टला हरलेले आणि ओक्लाहोमाकडून २४-३ मार खाल्लेला, तीन पराभव, मला काही फारसं वाईट वाटलं नाही.

मिशिगनकडून घरच्या मैदानावर हरलेली ओहायो स्टेट चॅम्पियन कशी झाली? मग रेग्युलर सीझनला अर्थ काय?

माझ्या घरात बसून मला विचारतात हे, माझाच चहा पिऊन.

३० नोव्हेंबर २०२४, मी स्टेडियममध्ये होतो. मिशिगनचं त्या वर्षी काही खरं नव्हतं, रँकिंगमध्येसुद्धा नाहीत, आणि तरी ४५ सेकंद राहिलेली असताना जवळून फील्ड गोल मारून १३-१० जिंकून गेले. मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, आणि माझ्या शेजारचे एक आजोबा, अंगावर बहुतेक माझ्या वयाएवढं जुनं जॅकेट, ते काहीच न बोलता थर्मासचं झाकण लावायचा प्रयत्न करत होते आणि ते काही लागत नव्हतं.

चार टीमांचा जमाना असता तर आमचा सीझन तिथेच संपला असता. बारामुळे आठवं सीड मिळालं, आणि मग टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस आणि फायनलला नोटर डेम ३४-२३. तर हो, रेग्युलर सीझनचा धसका कमी झालाय. पूर्वी एक पराभव म्हणजे गळ्याशी सुरी, आता एक पराभव म्हणजे वाईट वीकेंड. मला विचाराल तर मी फायनलच्या रात्री नाचलोही आणि मिशिगनचं अजून खुपतंयही, दोन्ही खरं आहे.

२०२५ ला नोटर डेमचं नक्की काय झालं? रोज नंबर वेगळे होते.

शांतपणे वाचा, इथेच सगळे घसरतात.

३१ ऑगस्टला मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं. त्यानंतर नोटर डेम टेक्सस ए अँड एमलाही एका पॉइंटने हरली, आणि मग ओळीने दहा मॅच जिंकल्या. १०-२. मायामी मध्ये दोन हरली, तीही १०-२. कमिटीचं पहिलं रँकिंग आलं ४ नोव्हेंबरला: नोटर डेम १०, मायामी १८. पुढच्या प्रत्येक मंगळवारी नोटर डेम वर, मायामी खाली. लोक विचारत होते की अहो आमने-सामनेची मॅच झालीय, त्याचं काय, तर उत्तराचा सूर असा की अजून त्या दोघी एका गटात चर्चेला आलेल्या नाहीत, मध्ये दुसऱ्या टीम आहेत. शेवटून दुसऱ्या रँकिंगला नोटर डेम १०, बीवाययू ११, मायामी १२.

शेवटच्या वीकेंडला नोटर डेम खेळली नाही. मायामीही खेळली नाही. दोघी सोफ्यावर. फक्त मधली बीवाययू बिग ट्वेल्व्हच्या फायनलला टेक्सस टेककडून ३४-७ हरली आणि खाली सरकली. आता दहा आणि अकरा शेजारी शेजारी आले, म्हणून आता ऑगस्टमधली मॅच बघितली, म्हणून मायामी १० वर, नोटर डेम ११ वर आणि बाहेर.

माझ्या मते मायामीला घेणं बरोबरच होतं. तेवढेच पराभव, समोरासमोर हरवलेलं, अजून काय पाहिजे. पण मग हे ४ नोव्हेंबरला का नाही केलं? ती मॅच तेव्हाही झालेलीच होती ना, ऑगस्ट काय डिसेंबरनंतर येतो? महिनाभर एखाद्याला "तुझं नाव यादीत आहे" म्हणत रांगेत उभं करायचं आणि खिडकीपाशी आल्यावर सांगायचं की हा कागद राहिला होता, तोही पहिल्या दिवसापासून फायलीतच असलेला. सरकारी ऑफिसात गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे, म्हणून मी नोटर डेमचा कधीच नसताना त्या दिवशी मला त्यांची कीव आली. त्यांनी चिडून बोल गेमचं आमंत्रणही नाकारलं. शिवाय पैशाचंही होतंच, त्या वर्षी प्लेऑफमध्ये नुसतं शिरलं तरी ४० लाख डॉलर्स, बाकीच्यांचे कॉन्फरन्सकडे जायचे, नोटर डेम कुठल्याच फुटबॉल कॉन्फरन्समध्ये नाही म्हणून सगळे त्यांचे.

मायामी तर थेट फायनलला गेली, म्हणजे कमिटीने योग्य केलं हे सिद्ध झालं की!

वर सांगितलेलं आठवतंय ना. मायामीने ए अँड एमला १०-३, ओहायो स्टेटला २४-१४ (हो, आम्हालाच, पुढे चला), ओले मिसला ३१-२७ हरवलं आणि फायनलला इंडियानाकडून २७-२१ हरली. भारी खेळली. पण त्यावरून फक्त एवढंच कळतं की मायामी चांगली होती. ज्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही त्याला किती मार्क पडले असते हे बसलेल्याच्या मार्कांवरून कसं काढणार?

आणि अलाबामा? ती तर फायनल हरली होती.

बीवाययूचा एक मोठा पराभव झाला आणि ती एक पायरी खाली. त्याच शनिवारी अलाबामा एसईसीच्या फायनलला जॉर्जियाकडून २८-७ हरली, तिचा तिसरा पराभव, आणि नऊवरून एक इंचही हलली नाही. अलाबामा वर्षाच्या पहिल्याच मॅचला फ्लोरिडा स्टेटकडून ३१-१७ हरलेली, आणि ती फ्लोरिडा स्टेट पुढे पाच मॅच जिंकून सात हरली.

कॉन्फरन्स फायनल खेळायला गेल्याची शिक्षा करू नये असा एक विचार आहे, आणि तो चांगला आहे, २०२४ ला एसएमयूला त्याचाच फायदा झाला, फायनल हरूनही त्यांना आत ठेवलं. पण मग बीवाययूलाही तोच न्याय लावा. बीवाययू टेक्सस टेककडून आधीही हरली होती, मार्जिन मोठं होतं, ही कारणं मला माहीत आहेत, डॅलसवाली मला दर वेळी ऐकवते. अलाबामाने सप्टेंबरमध्ये जॉर्जियाला जॉर्जियात जाऊन हरवलेलं हेही मान्य. तरी एकाच दिवशी दोन धुलाया आणि दोन हिशोब, हे बघणाऱ्याला खटकणारच. पुढे अलाबामा ओक्लाहोमाकडे जाऊन १७-० मागे असताना ३४-२४ जिंकली आणि मग इंडियानाने त्यांना ३८-३ ने पाठवलं. परत सांगतो, दोन्हीवरून काही सिद्ध होत नाही.

ड्यूक एसीसीची चॅम्पियन असून बाहेर आणि जेम्स मॅडिसन आत? हे कसं काय?

हे मात्र तेव्हाच्या नियमात चोख बसतं. २०२५ ला थेट जागा "सगळ्यात वरच्या रँकच्या पाच चॅम्पियनना" होत्या, अमुक कॉन्फरन्सला नव्हत्या. ड्यूक ७-५ असताना पाच टीमांच्या टायब्रेकरमधून कशीबशी फायनलला पोचली, व्हर्जिनियाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवून चॅम्पियन झाली, पण पाच पराभव, रँकिंगच्या पंचविसात नाही. टुलेन २० वर, जेम्स मॅडिसन २४ वर, म्हणून त्या आत. टुलेनने तर सप्टेंबरमध्ये ड्यूकला हरवलं पण होतं. मग ओले मिसने टुलेनला ४१-१० आणि ओरेगॉनने मॅडिसनला ५१-३४ केलं, आणि "लहान टीमांना कशाला घेता" सुरू झालं. माझं मत विचाराल तर एक-दोन दारं उघडी पाहिजेतच. २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडा १३-० होऊन, ऑबर्नला हरवूनही त्यांना संधी नव्हती, शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःला चॅम्पियन जाहीर करून टाकलं. लोक हसले. पण त्यांना हरवून दाखवलं कुणी?

मोठ्या टीमशी मॅच ठेवून तोटाच होत असेल तर ठेवायची कशाला?

टेक्सस हेच म्हणतंय. २०२५ ला ते पहिल्याच मॅचला आमच्याकडे कोलंबसला येऊन १४-७ हरले, शेवटी ९-३, बाहेर. ऐवजी कुठल्या तरी दुबळ्या टीमला बोलावलं असतं तर १०-२ झाले असते आणि बहुतेक आत. त्यांच्या बोलण्यात दम आहे, फक्त ते फ्लोरिडाकडून, चार मॅच जिंकलेल्या फ्लोरिडाकडून, हरले ते हळूच विसरतात.

उलटं उदाहरण आमच्या जोडप्याच्या इंडियानाचं. कॉन्फरन्सबाहेरच्या मॅच कोणाशी, तर ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. व्हर्जिनियाबरोबर ठरलेली सिरीज त्यांनी रद्द केली. आणि काय बिघडलं? काही नाही, १६-० चॅम्पियन. हे बघून पुढचा ॲथलेटिक डायरेक्टर कोणाला फोन लावेल ते तुम्हीच सांगा. आणि हे आपल्या सगळ्यांचं नुकसान आहे, कारण सीझनच्या पहिल्या शनिवारी टेक्सस-ओहायो स्टेट बघण्यासाठी तर आम्ही उन्हाळाभर दिवस मोजतो. एसईसी २०२६ पासून आठऐवजी नऊ कॉन्फरन्स मॅच खेळणार आहे, त्याने थोडा फरक पडावा.

इंडियाना खरंच एवढी भारी होती की शेड्यूल सोपं होतं?

भारी होती. विषय संपला. २०२४ ला ११-१ असताना मीच सगळ्यात जास्त टिंगल केलेली, कोणाला हरवलंय यांनी म्हणून. २०२५ ला त्यांनी कॉन्फरन्स फायनलला आम्हालाच १३-१० हरवलं, सेमीला ओरेगॉनला ५६-२२. पिढ्यानपिढ्या हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेली टीम, कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आलेला, आल्या आल्या म्हणाला मी जिंकतो, गूगल करून बघा. १६-० याआधी झालं होतं १८९४ ला, येलने. फायनलनंतर त्या जोडप्यातल्या वहिनींनी मला फक्त एकच मेसेज पाठवला, "गूगल केलंस का?"

ईएसपीएन आणि एसईसीचं साटंलोटं आहे का?

ईएसपीएनकडे एसईसीच्या मॅच आहेत, प्लेऑफही त्यांच्याकडे, आणि मंगळवारचा रँकिंगचा शोही त्यांचाच. यातून कुणी कमिटीला फोन केला असं निघत नाही, आणि तसा काही पुरावा नाही. पण दुकान, तराजू आणि जाहिरात एकाच्याच हातात असली की गिऱ्हाईक दोनदा वजन बघणारच.

कॉम्प्युटरवर का सोडत नाहीत?

सोडलं होतं थोडंफार. १९९८ ते २०१३ बीसीएस होतं, पोल आणि कॉम्प्युटर मिळून दोन टीम काढायचे. २०११ ला त्यातून एलएसयू आणि अलाबामा निघाले, एकाच कॉन्फरन्सचे, नोव्हेंबरमध्ये ९-६ अशी मॅच होऊन गेलेले. फायनलला अलाबामा २१-० जिंकलं आणि देश झोपी गेला. त्यानंतर लोक म्हणाले, माणसं पाहिजेत. आता म्हणतात, कॉम्प्युटर पाहिजे.

मग तुझं म्हणणं तरी काय? नुसती तक्रार करतोस.

कमिटी चोर आहे असं मला अजिबात वाटत नाही. १३ माणसं अशक्य काम करतायत. माझी तक्रार पट्टीबद्दल आहे. २०२३ ला फ्लोरिडा स्टेटला सांगितलं, पुढे काय कराल ते महत्त्वाचं. २०२५ ला नोटर डेमला सांगितलं, ऑगस्टमध्ये काय केलं ते महत्त्वाचं. दोन्ही निकष कागदावर आहेत, आमने-सामने, शेड्यूल, कॉन्फरन्सचं विजेतेपद, जखमी खेळाडू, सगळं लिहिलंय, फक्त कशाला किती वजन ते लिहिलेलं नाही. मिसळीत काय काय पडतं ते सगळ्यांना माहितीय, तिखट किती ते दर वेळी आचारी ठरवणार.

समान पराभव असतील आणि मॅच झालेली असेल तर जिंकणारा वर, पहिल्या मंगळवारपासून. कॉन्फरन्स फायनल हरल्यावर किती खाली जायचं ते सगळ्यांना सारखं, किंवा मुळीच जायचं नाही. एवढं दोनच ऑगस्टमध्ये छापा. आणि नोव्हेंबरचे ते मंगळवारचे शो बंद करा, एकदाच शेवटी सांगा. हे शेवटचं होणार नाही हे मला माहितीय, त्या शोवर जाहिराती चालतात.

१६ किंवा २४ टीम केल्या तर?

२०२६ ला तरी १२ च आहेत. मोठ्या कॉन्फरन्सचं आपापसांत जमेना, बिग टेनला आपल्यासाठी थेट जागा राखून पाहिजे होत्या, एसईसीला रँकिंगवरच्या जागा जास्त पाहिजे होत्या. १६ केल्या की सतरावा रडेल, हे खरं आहे, पण एक सांगतो, सतराव्याचं रडणं आणि १३-० वाल्याचं रडणं यात फरक असतो. आमच्या टॅलाहासीवाल्याला विचारा. २०२३ पासून आमच्याकडे पोहे केले की लिंबू त्याच्यासमोर कुणी ठेवत नाही.

भारतातून बघायचं तर कधी?

इथली दुपारी बाराची मॅच म्हणजे तिकडे शनिवारी रात्री साडेनऊ, नोव्हेंबरमध्ये इकडचं घड्याळ बदललं की साडेदहा. रात्रीच्या मॅच तिकडे रविवारी पहाटे. फायनल इथे सोमवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे मंगळवारी सकाळी सहा, ऑफिसला निघेपर्यंत पहिला हाफ आरामात बघून होतो. मॅच साधारण साडेतीन तास चालते, त्यातला प्रत्यक्ष खेळ किती असतो ते मोजायला बसू नका.